उपरण्याखाली हात कुणाचा?

साध्या, इंटरनेटविना चालणाऱ्या साधनांचं सध्या बरंच कौतुक चाललं आहे. बटनाचा फोन घ्या, कागदाची वही काढा, रविवारी मोबाईल कपाटात ठेवा. पूर्वपक्ष नीट मांडायचा तर तो असा : सततच्या संपर्काने माणूस शिणला आहे, साधं साधन त्याला त्यातून सोडवतं, म्हणून ते हवंसं वाटतं. त्यावरचं प्रत्युत्तरही ठरलेलं आहे : हे भरल्या पोटाचे चोचले, खेड्यात जाऊन विचारा, त्यांना रेंज हवी आहे. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात, पण एक गोष्ट दोघांनाही न बोलता मान्य आहे. साधन साधं असलं की माणूस जगापासून तुटतो. कुणाला ते सुख वाटतं, कुणाला शिक्षा. माझा आक्षेप या गृहीतकावरच आहे, आणि तो तपासायला मुरबाड तालुक्यातलं म्हसा उत्तम.

पौष पौर्णिमेला इथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि तिच्याबरोबर गुरांचा मोठा बाजार. मनःशांती शोधायला इथे कुणी येत नाही. धूळ, हंबरडे, पाळण्यांचे भोंगे आणि माणसांची ही रेटारेटी. गुरांच्या बाजारात बैल पारखायचं साधन मात्र अजून तेच आहे. डाव्या हाताने नाक धरायचं, उजव्याने खालचा ओठ ओढायचा आणि पुढचे दात मोजायचे. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. सगळे दुधाचे असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला. मग खूर, वशिंड, चाल. बैलाचा व्हिडिओ आधी मोबाईलवर बघितला असेल तरी जबडा उघडल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. फसवाफसवी इथेही होते, हेडी म्हणजे गुरांचे व्यापारी काही साधुसंत नसतात. पण फसवणूक पकडायचं साधन गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या बोटांत असतं.

सौदा व्हायचा तोही बोटांनीच. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर उपरणं किंवा टॉवेल टाकायचा. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच; शेकडे की हजार हे जनावराकडे बघून दोघांनाही कळतं. भोवती वीस माणसं माना उंचावून उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. त्यामुळे सौदा फिसकटला तर पुढच्या गिऱ्हाइकाला, मालक कुठवर खाली उतरला होता, ते कळत नाही. भर गर्दीत आपला आकडा झाकून ठेवण्याची ही सोय आहे. खासगीपणाच्या नावाने आज ज्या गोष्टीसाठी एवढा आरडाओरडा चालतो, ती इथे एका फडक्यात होते.

इथवर वाचून साधेपणाचे भक्त खूश झाले असतील तर त्यांनी जरा थांबावं. हेच फडकं धान्याच्या बाजारात गेलं आणि शेतकऱ्याच्या मुळावर आलं. तिथे या प्रकाराला हत्ता पद्धत म्हणत. उपरण्याखाली शेतकऱ्याचा हात नसे, अडत्याचा असे. समोर खरेदीदाराचा. दोघांत काय ठरलं ते मालाचा धनी बाजूला उभा राहून फक्त ऐकणार. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि पुढे बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, त्यामागे असलेच अनुभव होते. कागदाच्या वहीचंही तेच. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कागदपत्रं जाळली. त्या वह्यांना ना वीज लागत होती ना तार. पण लिहिणारा एक, वाचणारा तोच, आणि अंगठा उठवणारा दुसरा.

तेव्हा वाद साधं की गुंतागुंतीचं, जोडलेलं की तुटलेलं हा नाहीच. व्यवहारात ज्याचं बरंवाईट व्हायचं आहे, त्याला तो जागच्या जागी बघता, तपासता, मोडता येतो का, हा आहे. बैलबाजारातल्या फडक्यात येतो, हत्त्यात येत नाही. इव्हान इलिच यांचं ‘टूल्स फॉर कन्व्हिव्हियॅलिटी’ हे १९७३ चं पुस्तक साधेपणाचे समर्थक नेहमी पुढे करतात. त्यांनी ते पुरतं वाचावं. माणसाच्या हातात राहणारं साधन म्हणून इलिच यांनी चक्क टेलिफोनचं उदाहरण दिलं आहे. देशभर तारांचं जाळं लागणारी वस्तू ती! पण कुणाला फोन करायचा आणि काय बोलायचं, हे करणारा ठरवतो. एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

हीच कसोटी शहापूर-मुरबाडसारख्या डोंगरपट्ट्यात रोजगार हमीच्या कामाला लावून बघावी. रोजगार हमी ही मूळ महाराष्ट्राचीच कल्पना, तिचा कायदा १९७७ चा. तिथला कागदी मस्टर निर्मळ होता असं कोण म्हणेल? खोटी नावं घालून पैसे उचलल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. म्हणूनच १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या रोजगार हमीच्या, म्हणजे मनरेगाच्या, सार्वजनिक कामांवर मोबाईल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटोसह. हेतू चांगला. पण फोटो निघतो तो मजुराच्या फोनवर नव्हे. तो चढला की अडकला हे मजुराला दिसत नाही, आणि अडकला तर दिवसभर माती उपसूनही खाडा पडू शकतो. मस्टरवर निदान बोट ठेवून ‘इथे माझं नाव का नाही?’ असं विचारता यायचं. आता विचारायचं कुणाला? दाद मागायला आधी चूक दिसावी लागते.

यावर ‘ॲप बंद करा’ हे उत्तर नव्हे, आणि ‘आणखी एक टॉवर उभारा’ हेही पुरेसं नव्हे. टॉवर आला तरी नोंद दिसणार नाही ती नाहीच. जॉबकार्ड मजुराच्या घरी असायला हवं असा नियमच आहे, आणि कामाच्या नोंदीचे रकाने त्यात छापलेले असतात. संध्याकाळी काम सुटताना त्या रकान्यात दिवसाची हजेरी लिहून सही करायला ना रेंज लागते ना नवा कायदा.