चिन्हांकित व अचिन्हांकित अंकगणित (प्रोसेसरच्या अनुकरणातील)
जुन्या प्रोसेसरचे अनुकरण करणाऱ्या इम्युलेटरमध्ये एकाच बिटसमूहाचे चिन्हासह व चिन्हाविना असे दोन अर्थ सांभाळणारे गणित. रमेश गावकर यांच्या पाठ्यपुस्तकामुळे महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या झालेल्या इंटेल ८०८५ या प्रोसेसरमध्ये ८ बिटांची बेरीज करणारे मंडल एकच असून, ११११११११ म्हणजे २५५ की –१ हे ते ठरवीत नाही; तो अर्थ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा. २०० मध्ये १०० मिळवल्यास ४४ उरतात व हातचा दाखवणारा कॅरी फ्लॅग १ होतो. मात्र १०० अधिक १०० ही बेरीज चिन्हांकित मानल्यास –५६ येते आणि कॅरी ० च राहतो. इम्युलेटर ‘सी’ भाषेत लिहिल्यास, तिच्यातील कॅर (char) हा प्रकार अनेक संगणकांवर चिन्हांकित असल्याने १२७ च्या पुढचा बाइट ऋण बनून कॅरी चुकू शकतो. म्हणून अचिन्हांकित बाइट रुंद चलात मिळवून, नववा बिट तपासून, मगच खालचे ८ बिट ठेवणे हा भरवशाचा मार्ग होय.