बोटांचे ठसे आणि बंद पडलेली डिस्क

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर पोचलं. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते तिथे देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांचा. छायाचित्रं पुष्कळ छापून आली. मला कुतूहल आहे ते छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टीचं. यंत्रावर टेकवलेल्या दहा बोटांची आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद पुढे जाते कुठे? आणि वाटेत हरवली तर?

तशी ती हरवलीही. टेंभलीची नव्हे, पण आपल्याच राज्यातली. सुमारे ३ लाख अर्जदारांची माहिती गेल्याचं राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने एप्रिल २०१३ मध्ये मान्य केलं. मुंबईहून बंगळुरूच्या सर्व्हरकडे माहिती पाठवली जात असताना हार्ड डिस्क बंद पडली, आणि जे पोचलं ते उलगडेना. नोंद कुणी वाटेत चोरली तरी वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक कुलपात बंद करून पाठवतात. हेतू उत्तमच. पण कुलपातली नोंद अर्धीमुर्धी बिघडली, की किल्ली हातात असूनही ती उघडेलच असं नाही.

आपल्या जुन्या कागदी कारभारात हा धोका वेगळा होता. कोतवाल बुकाला, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीला वाळवी लागली, तरी उरलेली पानं वाचता येत. आजही जातीच्या दाखल्यासाठी माणसं ती पिवळी पानं शोधत तहसील कचेरीत येतात.

मग डिस्कवर उपाय काय? १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडा, असं त्यांचं म्हणणं. या जोडणीला 'रेड' म्हणतात. तिची एक युक्ती दुकानदाराला चटकन कळेल. एका वहीत ७, दुसरीत ५, आणि तिसरीत दोघांची बेरीज १२. पाचाची वही हरवली तर बारातून सात वजा करा, पाच परत मिळाले. डिस्कमधलं गणित थोडं निराळं, पण तत्त्व हेच.

मात्र दोन वह्या एकदम गेल्या तर बेरीज काय कामाची? आणि असं घडतं. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या डिस्क थकतातही जवळपास बरोबरच. एक गेली की नवी बसवून तिच्यावर जुनी माहिती उभी करायची. त्यासाठी उरलेल्या डिस्क तासन्‌तास, कोपरान्‌कोपरा वाचाव्या लागतात, आणि नेमकी त्याच श्रमात दुसरी मान टाकते. म्हणून जाणकार कारागीर मूळ डिस्कवर प्रयोग करत नाही. आधी प्रत्येकीची तुकड्यातुकड्याने नक्कल काढतो, डिस्कचा क्रम कोणता होता ते शोधतो, मग नकलांवरच जुळणी करतो. घाईने 'दुरुस्ती'चं बटण दाबणारा बहुधा उरलंसुरलंही घालवतो.

शिवाय जोडणी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. आग सगळ्या डिस्कना एकदमच लागते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली, आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटांचा साठा गेला. साठा फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती, असं खुलाशात सांगितलं गेलं!

आपल्या ३ लाखांच्या बाबतीत दुसरी प्रत होती, ती माणसांच्या हातावर. पुन्हा या, पुन्हा बोटं टेकवा, असं सांगण्याखेरीज सरकारजवळ फारसा मार्ग नव्हता. खात्याच्या हिशेबात याला खर्च जवळजवळ शून्य. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला नोंदणीची रांग म्हणजे बुडालेली मजुरी, आणि आता ती दुसऱ्यांदा बुडणार. त्यातून मातीकाम, दगडकाम करणाऱ्यांची बोटं इतकी झिजलेली असतात, की पहिल्या खेपेलाच यंत्र ठसा घ्यायला कुरकुरतं. डिस्क कुणी ठेवावी, तिची प्रत किती दिवस जपावी, हे ठरवताना त्या मजुराचा दिवस कुणी हिशेबात धरला होता का, असं मला विचारावंसं वाटतं.