एका नावाची वाटणी

कॅरोलस मॅग्नस हे लॅटिन नाव आपल्याला शार्लमेन या फ्रेंच रूपात ठाऊक असतं. ८०० साली रोममध्ये पोपने ज्याला सम्राट म्हणून मुकुट घातला आणि ८१४ साली जो आखेनला वारला, तो हा फ्रँकांचा राजा. ८४३ साली त्याच्या तीन नातवांनी राज्य वाटून घेतलं, ही गोष्ट इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. त्याच्या नावाचीही अशीच वाटणी झाली, आणि मला ती राज्याच्या वाटणीहून अधिक नवलाची वाटते. पूर्वेकडच्या स्लाव लोकांनी नावाचा पहिला अर्धा भाग, कार्ल, घेतला आणि त्याचं सामान्यनाम केलं. आज त्यांच्या भाषांत 'राजा' या अर्थाचा जो शब्द आहे, तो म्हणजे झिजलेला कार्ल. उत्तरेकडच्या नॉर्वेजियनांनी दुसरा अर्धा भाग घेतला. तो खरं तर नावच नव्हता, 'थोर' एवढ्याच अर्थाचं विशेषण होतं. त्यांनी त्याचं विशेषनाम केलं. मॅग्नस हे आज अस्सल स्कँडिनेव्हियन समजलं जाणारं नाव जन्माला आलं ते असं. एकाच माणसाच्या नावाचं एका बाजूला विशेषनामाचं सामान्यनाम व्हावं आणि दुसऱ्या बाजूला विशेषणाचं विशेषनाम, हे का घडलं असावं? दोन्हींचं कारण एकच आहे आणि ते 'कार्ल' या शब्दात दडलं आहे, असं मला वाटतं.

उत्तरेकडची घटना १०२४ सालची. ती सांगतो आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन, आपल्या 'हेइम्सक्रिंग्ला' या राजचरित्रांच्या ग्रंथात. नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्डसन याच्या घरातली आल्फहिल्ड ही दासी रात्री बाळंत झाली. मूल राजाचं होतं. बाळ इतकं अशक्त की ते जगतं की जातं हे बराच वेळ कळेना. राजाला झोपेतून उठवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. जवळ होते एक धर्मगुरू आणि दरबारचा आइसलँडिक कवी सिग्वात. बाप्तिस्मा न होता बाळ गेलं तर त्याचा आत्मा गमावला, हे धर्मगुरूचं म्हणणं. शेवटी सिग्वातने सगळा दोष अंगावर घेतला, बाळाचा बाप्तिस्मा करवला आणि नावही स्वतःच ठेवलं. सकाळी राजा भडकला. आपल्याला न विचारता हे केलंच कसं? सिग्वातचं उत्तर असं, की दोन माणसं देवाला देणं हे एक माणूस सैतानाला देण्यापेक्षा बरं. मूल बाप्तिस्म्याविना मेलं असतं तर ते सैतानाचं झालं असतं. आता या कृत्यापायी राजाने आपला जीव घेतला, तर आपणही देवाकडेच जाणार. मग राजाचा दुसरा प्रश्न आला: हे नाव तर आपल्या कुळात नाही, मग मॅग्नस का? त्यावर सिग्वात म्हणाला, कार्ला-मॅग्नस राजावरून ठेवलं, कारण जगात त्याच्याहून चांगला माणूस आपल्याला माहीत नाही. राजाचा राग निवळला.

'आपल्या कुळात नाही' हा राजाचा आक्षेप साधा नव्हता. नॉर्स लोकांत नाव वारशाने येई. गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे आहे तशीच तिथेही होती, आणि राजघराण्यात तर नाव म्हणजे गादीवरचा हक्कच. ओलाफ, हाराल्ड, हाकोन ही नावं त्या अर्थाने इस्टेट होती. दासीपुत्राला त्यातलं एखादं नाव बापाला न विचारता देणं म्हणजे त्याला परस्पर वारस ठरवणं. सिग्वातला बाहेरचं नाव शोधावं लागलं ते यासाठी. पण शार्लमेनवरूनच नाव ठेवायचं तर 'कार्ल' का नाही ठेवलं? नाव तर ते होतं.

सोपं उत्तर असं, की सिग्वातला लॅटिन येत नव्हतं आणि त्याने उपाधीलाच नाव समजून घोळ केला. हे मला पुरेसं वाटत नाही, पण त्यात अर्धं सत्य आहे. लॅटिन 'मॅग्नस' आणि संस्कृत 'महत्' एकाच धातूची लेकरं आहेत. महाराष्ट्रातला 'महा' तोच. नॉर्स भाषेकडे त्याच धातूचा स्वतःचा शब्द होता, 'मिकिल'. कॉन्स्टँटिनोपलला ते 'मिक्लागार्ड' म्हणत, म्हणजे महानगर. मॅग्नसचा अर्थ मनात धरून नाव ठेवलं असतं, तर मिकिलच्या आसपासचं काहीतरी सुचलं असतं. परका शब्द प्रत्ययासकट उचलला, याचा अर्थ त्याच्या कानाला तो शब्द नावच वाटला. आणि तसा तो वाटण्याला नॉर्स व्याकरणात पक्कं कारण आहे. स्नोरीच्या लेखणीत नावाचं रूप 'कार्ला-मॅग्नस' असं आहे. नॉर्स लोक टोपणनाव पुष्कळदा नावाच्या आधी जोडत. स्काल्ला-ग्रीम म्हणजे टकला ग्रीम, वीगा-ग्लूम म्हणजे रक्तपात करणारा ग्लूम, ब्रेन्नू-न्याल म्हणजे जाळून मारला गेलेला न्याल. या प्रत्येकात आधीचा तुकडा टोपणनावाचा आणि नंतरचा खऱ्या नावाचा. कार्ला-मॅग्नस त्याच साच्यात बसतो, आणि त्या साच्यात बसवला की कार्ला होतं टोपणनाव आणि मॅग्नस होतं नाव. लॅटिनमधला क्रम नॉर्स कानात असा बरोब्बर उलटला. आता, हे रूप स्नोरीच्या काळचं आहे, घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेलं, तेव्हा ११व्या शतकातल्या कवीच्या तोंडी ते घालता येईल का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण उपाधी लोकांनी नाव म्हणून स्वीकारली ही गोष्ट स्नोरीच्या शब्दलेखनावर अवलंबून नाही. ती सात राजांच्या नावांत दिसते, आणि कानाच्या या चुकीखेरीज तिचं दुसरं पटणारं स्पष्टीकरण मला दिसत नाही.

आता दुसरं कारण, माझ्या मते जास्त वजनाचं. नॉर्स भाषेत 'कार्ल' हा जिवंत, रोजच्या वापरातला शब्द होता. अर्थ साधा माणूस, गडी, कुणबी, कधी म्हातारा. 'रीग्सथुला' या जुन्या काव्यात समाजाचे तीन थर तीन भावांच्या रूपात येतात: थ्रॅल हा गुलामांचा मूळपुरुष, कार्ल शेतकऱ्यांचा आणि यार्ल सरदारांचा. दासीच्या पोटी आलेल्या राजपुत्राचं नाव कार्ल ठेवलं असतं, तर त्याची पायरी बारशालाच ठरून गेली असती. यावर उलट पुरावा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: कार्ल किंवा कार्ली नावाची माणसं स्नोरीच्याच ग्रंथात वावरतात. पण ती कोण आहेत? राजाच्या कामावर गेलेले सरदार, व्यापाराला निघालेले दर्यावर्दी. राजा कोणी नाही. ऑर्कनी बेटांच्या गाथेत स्कॉटलंडचा एक राजा 'कार्ल हुंडासन' म्हणून येतो. शब्दशः घेतलं तर 'कुत्र्याचा लेक गडी', आणि शत्रूला दिलेली ही शिवीच असावी असा तर्क अभ्यासकांनी केलेला आहे. राजाच्या नावाच्या जागी कार्ल येतो तो असा. शिवाय मोजणी बोलकी आहे. १४व्या शतकाच्या मध्यापर्यंत नॉर्वेच्या गादीवर सात मॅग्नस बसले. पहिला कार्ल आला तो १४४९ साली, आणि तोही स्वीडनचा राजा होता.

प्रतिस्पर्धी मतं तीन आहेत. पहिलं म्हणजे मॅग्नस मुळात नॉर्सच, 'माग्न' म्हणजे बळ या शब्दापासून आलेलं. थॉर या नॉर्स देवाच्या मुलाचं नाव माग्नी आहेच. हे मत कानाला गोड लागतं, पण शेवटच्या 'उस'पाशी अडखळतं. तो प्रत्यय नॉर्स नाही. माग्नपासून नाव घडलं असतं तर ते माग्नीच झालं असतं, आणि ते आधीच झालेलं होतं. मात्र परकं नाव इतक्या लवकर घरचं झालं, त्याला माग्नने हातभार लावला असेल हे मी आनंदाने मानतो. दुसरं मत असं, की नाव संताचं: बव्हेरियातल्या फ्युसेनचा संत मॅग्नस, ज्याला तिथे मांग म्हणतात. बाप्तिस्म्याला धर्मगुरू हजर होता, म्हणजे संताचं नाव सुचणं स्वाभाविक होतं. पण मग कथेत संत का नाही? राजाचा राग शमवायला संताचं नाव तर सर्वांत सोयीचं होतं. तिसरं मत मला सर्वांत अवघड गेलं. १०व्या शतकात, म्हणजे सिग्वातच्याही आधी, ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या बेटांवर राज्य करणारा हाराल्डचा एक मुलगा आयरिश इतिहासवृत्तांत 'माग्नुस' म्हणून सापडतो. तो खरा असेल तर १०२४च्या कथेचा पायाच जातो. परंतु ते वृत्त 'चार आचार्यांचं' म्हणून ओळखलं जातं आणि संकलित झालं १६३०च्या दशकात. इंग्लंडच्या जुन्या लॅटिन वृत्तांत हाच राजा 'माक्कुस' आहे, आणि माक्कुसचा उगम आयरिश 'माक', म्हणजे मुलगा, यात दाखवता येतो. मॅग्नस हे नाव घरोघरी झाल्यावर नकलाकारांनी अनोळखी माक्कुसला ओळखीचं रूप दिलं असणार.

शार्लमेनचीच आठवण का, याचं उत्तर काळात आहे. १००० साली सम्राट तिसऱ्या ओटोने आखेनला शार्लमेनचं थडगं उघडून पाहिलं होतं. आदर्श ख्रिस्ती राजा म्हणून त्याची कीर्ती तेव्हा ताजी होत होती. ओलाफचा बाप्तिस्मा फ्रँकांच्या जुन्या मुलखात, रूआँला झाला, असं नॉर्मन इतिहासकार सांगतो. आणि ओलाफच्या जहाजाचं नाव होतं 'कार्लहोव्दी', कार्लचं शिर. जहाजाच्या नाळेवर राजाचं मस्तक कोरलेलं होतं आणि ते ओलाफने स्वतःच्या हाताने कोरलं होतं, असं स्नोरी लिहितो. नाव 'गड्याचं शिर' आणि कोरलेलं मस्तक राजाचं, हे कसं जुळावं? मला वाटतं तो लाकडात कोरलेला शार्लमेन होता. तसं असेल तर सिग्वातने त्या पहाटे नाव हवेतून काढलं नाही, धन्याच्या मनातल्या माणसाचं काढलं, आणि म्हणूनच राग इतक्या लवकर निवळला.

आता पूर्वेकडचा अर्धा वाटा. स्लाव भाषांमध्ये 'कार्ल' या शब्दाला काहीच अर्थ नव्हता. तिथे तो ना गडी होता ना कुणबी, सीमेपलीकडच्या बलाढ्य राजाचं नाव तेवढं होता. म्हणून सीझरचा जसा कैसर आणि झार झाला, तसा कार्लचा राजा होऊ शकला. रशियनमध्ये कोरोल, पोलिशमध्ये क्रूल, चेकमध्ये क्राल, आणि स्लावांकडूनच घेतलेला हंगेरियन किराय. ही रूपं मनमानी नाहीत. दोन व्यंजनांत अडकलेला 'अर' किंवा 'ओर' रशियनमध्ये 'ओरो' होतो, दक्षिणेकडे 'रा' होतो. 'गोर्द' म्हणजे तटबंदीचं गाव, त्याचं नोव्हगोरोदमध्ये 'गोरोद' झालं आणि बेलग्रादमध्ये 'ग्राद', अगदी तसंच. हा बदल आदिस्लाव भाषेच्या अखेरच्या काळातला, तेव्हा तो चालू असतानाच कार्ल त्या भाषेत शिरलेला असला पाहिजे, आणि ८००च्या आसपासचा काळ त्याला चपखल बसतो. काही जण म्हणतात, हा राजाचा कार्ल नव्हे, जर्मानिक भाषांतला 'माणूस' या अर्थाचाच कार्ल. पण 'गडी' या शब्दाचा अर्थ उसना घेताना एकदम 'राजा' व्हावा, हे मधली पायरी दाखवल्याशिवाय पटत नाही. शार्लमेन ही ती पायरी आहे. जिथे शब्दाला खालचा अर्थ होता तिथे तो राजघराण्याच्या दारातून परतला, जिथे अर्थच नव्हता तिथे सिंहासनावर बसला.

ते अशक्त बाळ जगलं. बापाच्या पदच्युतीनंतर रशियात यारोस्लावच्या आश्रयाला वाढलं, ११व्या वर्षी नॉर्वेचा राजा झालं, १०४२ला डेन्मार्कचंही. राजा शत्रूंवर सूड उगवू लागला तेव्हा 'स्पष्टोक्तीच्या कविता' रचून त्याला जागेवर आणलं ते सिग्वातनेच. नाव ठेवणाऱ्याचा तो अधिकार होता. १०४७ला मॅग्नस वारला तोवर त्याला 'भला' हे बिरूद लागलं होतं, आणि नाव नातलगांत, परक्या घराण्यांत, बेटांवर पसरलं. ऑर्कनीचा अर्ल मॅग्नस १११७च्या सुमारास कुऱ्हाडीच्या घावाने मारला गेला आणि संत ठरला. १९१९ साली कर्कवॉलच्या कॅथीड्रलच्या एका खांबात पेटी सापडली. आतल्या कवटीवर घावाची खूण होती. नॉर्वेत 'ग'चा उच्चार 'ङ' होतो, मांग्नुस. हे कळलं की स्वीडिश 'मोन्स' हे आखूड रूप कुठून आलं हे वेगळं सांगावं लागत नाही. डॅनिश मोगेन्स, आयरिश मॅकमॅनस, सगळी त्याच झाडाची.

या वाटणीतली सर्वांत विलक्षण फांदी १६व्या शतकात फुटली. उप्सालाचा आर्चबिशप योहानेस मॅग्नस, जन्मनाव योहान मोन्सन, स्वीडनमधून हद्दपार झालेला होता. त्या काळात त्याने आपल्या देशाचा प्राचीन इतिहास लिहिला. तो १५५४ला, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. त्यात त्याने सहा कार्ल राजे कल्पनेने निर्माण केले. स्वीडनच्या गादीवर खरोखर बसलेला पहिला कार्ल १२व्या शतकातला, पण या ग्रंथामुळे त्याचा क्रमांक झाला सातवा. आजचे स्वीडनचे राजे सोळावे कार्ल म्हणवतात आणि मोजले तर दहावे निघतात. कार्ल हे नाव उत्तरेत अखेर राजपदाला पोचलं, आणि त्याची खोटी वंशावळ लिहिणारा होता मॅग्नस.

दोन्ही तुकडे पुन्हा एका माणसात आले आहेत. नोव्हेंबर २०१३ला चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून बुद्धिबळाचा जगज्जेता झालेला नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन: नावात मॅग्नस आणि आडनावात कार्लचा मुलगा. २०१६ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासमोर बसला होता रशियाचा सर्गेई कार्याकिन, आणि पटावरच्या राजाला कार्याकिनच्या भाषेत म्हणतात कोरोल.