पद्मिनीच्या आतलं सामान

जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिनापेक्षा जास्त दमवतं ते आतलं सामान. प्रीमियर पद्मिनीचंच बघा. कुर्ल्याच्या कारखान्यात 'फियाट ११००' म्हणून बनणाऱ्या या गाडीला हे नाव मिळालं १९७४ च्या सुमारास. मुंबईत ती टॅक्सी म्हणून धावत होती, तोवर इंजिनाचे सुटे भाग मिळत राहिले. त्याशिवाय धंदाच चालला नसता. मूळ सीटकव्हरं, दारांची पॅनलं मात्र फाटली तशी बदलली गेली. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. भंगारात निघालेल्या गाड्यांबरोबर नमुनेही गेले.

मग आपण काय करतो? एका दाराचं पॅनल शाबूत असेल, तर ते उलटं ठेवून समोरच्या दारासाठी हार्डबोर्ड कापतो, वर रेक्झिन चढवतो. काच खालीवर करायच्या हँडलची मूठ गेली असेल, तर दुसरीवरून सिलिकॉनचा साचा घेऊन त्यात रेझिन ओततो.

यात काही गैर नाही. आमचा आग्रह एकच: नव्या भागाच्या मागच्या बाजूला तो केल्याचं साल लिहा. नाहीतर ५० वर्षांनी आपली नक्कलच कुणीतरी अस्सल पुरावा म्हणून मांडेल.