राळेगणसिद्धीची ग्रामसभा : गावाचा निर्णय होतो कसा, अन् आपल्या गावात काय करता येतं?

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव देशभर ओळखलं जातं ते अण्णा हजारे यांच्यामुळं. पण गावाचा कारभार एका माणसाच्या शब्दावर चालतो, असं समजणं चुकीचं ठरेल. बंधारा कुठं घालायचा, दुकानात काय विकायचं नाही, उपोषणाला पाठिंबा द्यायचा की नाही, हे इथं ग्रामसभेत ठरत आलं. आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच गावांत मात्र ग्रामसभा म्हणजे रजिस्टरवरच्या सह्या, एवढंच लोकांना माहीत असतं. म्हणून राळेगणचे काही निर्णय आणि त्यामागचा कायदा, दोन्ही इथं एकत्र दिले आहे.

सुरुवात झाली देवळापासून

सैन्यातली नोकरी संपवून अण्णा 1975 मध्ये गावी परतले. तेव्हा राळेगण दुष्काळी होतं. पाऊस कमी, शेती कोरडवाहू आणि गावात दारूच्या 30 हून जास्त भट्ट्या. अण्णांनी स्वतःच्या जमा पैशातून संत यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती सुरू केली. हळूहळू लोक हात लावायला आले. पुढं गावाच्या बैठका याच देवळात भरू लागल्या.

त्यातून गावानं पाच गोष्टी ठरवल्या : श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. नालाबंडिंग झालं, पाझर तलाव दुरुस्त झाला, झाडं लागली. विहिरींना पाणी आलं. सामुदायिक विहिरी काढून पाणी पाळीनं वाटून घेण्याची पद्धत बसली. अडचणीतल्या कुटुंबाला धान्य मिळावं म्हणून धान्य बँक उभी राहिली. दुकानांत बिडी-तंबाखू विकायची नाही, हेही गावानंच ठरवलं.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. सुरुवातीच्या काळात दारू पिऊन धिंगाणा करणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जात होतं. हे अण्णांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे आणि त्यावर मोठी टीकाही झाली. गावानं ठरवलं तरी कुणाला मारहाण करण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. आज दारूविरुद्ध लढायला कायद्यातच मार्ग आहेत. ते पुढं दिले आहेत.

13 फेब्रुवारी 2022 : ग्रामसभेनं अण्णांना थांबवलं

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अण्णांनी विरोध केला आणि 14 फेब्रुवारीपासून उपोषणाला बसणार असं जाहीर केलं. तेव्हा त्यांचं वय 84 होतं. गावकऱ्यांना काळजी लागली.

आदल्या दिवशी, 13 फेब्रुवारीला, राळेगणमध्ये ग्रामसभा भरली. वाईनच्या निर्णयाला गावानं विरोध नोंदवला. त्याचबरोबर अण्णांनी या वयात उपोषण करू नये, अशी विनंतीही केली. या निर्णयावर लोकांच्या हरकती-सूचना मागवू, असं सरकारकडून सांगण्यात आलं होतं. अण्णांनी उपोषण स्थगित केलं. सरकारचं धोरण आणि गावच्या माणसाची तब्येत, या दोन्हींवर एकाच बैठकीत गाव बोललं.

एकमत की मतदान?

आदर्श गाव म्हटलं की निवडणूक बिनविरोधच, असा समज आहे. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध गावांना 25 लाखांचा निधी देण्याचं जाहीर केलं होतं. राळेगणमध्येही बिनविरोधसाठी बैठका झाल्या, पण जमलं नाही आणि मतदान झालं. त्याच वेळी पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारमध्येही 30 वर्षांनी मतदान झालं. दोन्ही गावं त्यामुळं मोडली नाहीत.

याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं समोर आलं. राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. म्हणजे, मनापासून झालेलं एकमत चांगलंच. पण पैशानं किंवा दबावानं झालेलं 'बिनविरोध' म्हणजे मतदाराचा हक्क हिरावणं.

ग्रामसभा : कायदा काय सांगतो?

ग्रामपंचायतीची मासिक सभा वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा ही गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाची. तुमचं नाव यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. त्यासाठी कुणाच्या निमंत्रणाची वाट बघायची गरज नाही.

- किती सभा? वर्षातून किमान 4. साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात.
- नोटीस : नियमित सभेची सूचना किमान 7 दिवस आधी. दवंडी, नोटीस बोर्ड आणि आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ती येते. नोटिशीत विषय लिहिलेले असतात, ते वाचून जा.
- कोरम : एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जो आकडा कमी असेल तो. 400 मतदारांच्या गावात 60 माणसं लागतात. 1,600 मतदारांच्या गावात 100 पुरतात. कोरम नसेल तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नसते. त्यामुळं पहिल्या सभेला कुणी जायचं नाही आणि दुसरीत चार जणांनी ठराव उरकायचा, असं घडतं.
- महिला सभा : नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, पण महिला सभा कागदावरच राहत असेल तर पाणी, शौचालय, दारू हे विषय पुढं येतच नाहीत.
- सभाच घेतली नाही तर? पुरेसं कारण नसताना ठरलेल्या सभा न घेणाऱ्या सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मागणी केली तर सरपंचांना विशेष सभा बोलवावीच लागते.

घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी, गावचा विकास आराखडा आणि जमाखर्च हे विषय ग्रामसभेपुढं यायलाच हवेत. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. बाकी 40 टक्के कशावर खर्च करायचा, हा गावानं विचारायचा प्रश्न होता.

दारूबंदी : मारहाण नको, मतदान करा

गावात परवानाधारक दारू दुकान असेल तर 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान घेता येतं. 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांसह राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. फक्त मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी पुरत नाहीत. म्हणून कामाला गेलेल्या, माहेरी असलेल्या बायकांनाही त्या दिवशी आणावं लागतं. इथंच बरीच गावं कमी पडतात.

चोरून विकल्या जाणाऱ्या दारूसाठी 2016 च्या दुरुस्तीनं ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. त्यासाठी अण्णांनी पाठपुरावा केला होता. ग्रामसभेतून निवडलेल्या या दलानं पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाला माहिती द्यायची. कारवाई त्यांनी करायची.

मोबाईलवरून आणि कागदावरून काय करता येईल?

1. 'ई-ग्रामस्वराज' ॲपवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च बघा. बघितलेला आकडा घेऊनच सभेला जा.
2. सभेत मांडायचा विषय आधी लेखी द्या आणि पोहोच घ्या. तोंडी बोललेलं हवेत विरतं.
3. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका. ठराव वाचून दाखवायला लावा, मगच सही.
4. विरोध असेल तर तो प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला सांगा.
5. इतिवृत्ताची नक्कल मिळत नसेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांनी 30 दिवसांत माहिती द्यायची असते. नाही दिली तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही.

राळेगणला पाऊस जास्त पडत नाही आणि तिथली माणसंही वेगळी नाहीत. तिथं मतभेद आहेत, गट आहेत, निवडणुकाही होतात. फरक इतकाच की वर्षानुवर्षं लोक बैठकीला जाऊन बसले. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की त्यातले विषय वाचा, शेजाऱ्याला सांगा आणि घरातल्या बायकांनाही बरोबर न्या.