बेस कॅबिनेट : फेरबदल व सुधारणा

बेस गिटारच्या स्पीकर-पेटीचा आवाज, ताकद पेलण्याची क्षमता किंवा ने-आण सुधारावी म्हणून तिच्यात केलेले बदल. वादक या पेटीला कॅबिनेट किंवा नुसते ‘कॅब’ म्हणतात. स्पीकर बदलणे, हवेच्या नळीची म्हणजे पोर्टची लांबी कमीजास्त करणे, आतून रिपा ठोकणे, अस्तर लावणे, वायरिंग नव्याने करणे, चाके व मुठी बसवणे ही यातली नेहमीची कामे. त्यांतली निम्मी सुताराची आणि निम्मी गणिताची आहेत. गणित टाळून केलेली सुतारकीच बहुतेक पेट्या बिघडवते.

चार तारांच्या बेस गिटारवर सर्वांत खालच्या ई तारेची कंप्रता ४१.२ हर्ट्झ असते, पाच तारांच्या बेसवर खालच्या बी तारेची ३०.९ हर्ट्झ. इतका खर्ज मोठ्या आवाजात ऐकवायचा तर स्पीकरच्या पडद्याला भरपूर हवा ढकलावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरले, की पडद्याची मागेपुढे होणारी हालचाल चौपट होते. घरच्या संगीतासाठी केलेला स्पीकर बेस गिटारसमोर फाटतो त्याचे कारण हेच.

इतिहास : कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी १५ इंची एका स्पीकरचा ‘बासमन’ अँप काढला. त्याच बासमनचे दहा इंची चार स्पीकरांचे रूप पुढे लीड गिटारवाल्यांनी पळवले, आणि बेसवादकांची अडचण जिथल्या तिथे राहिली. १९६० मध्ये अँपेग कंपनीचा ‘बी-१५ पोर्टाफ्लेक्स’ आला. जेस ऑलिव्हर यांच्या या रचनेत अँप उलटा करून पेटीच्या पोटात बंद करता येई, म्हणजे ने-आणीचा विचार पेटीच्या आराखड्यातच होता. १९६९ मध्ये याच कंपनीने ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ काढला. त्याच्यासोबत प्रत्येकी दहा इंची आठ स्पीकर असलेल्या पेट्यांची जोडी लागे. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिकी दौऱ्यात हा संच वाजला आणि मोठ्या रंगमंचावरच्या बेसचा तोच मापदंड ठरला.

आठ स्पीकरांची पेटी : वादक जिला ‘फ्रिज’ म्हणतात ती ही पेटी फेरबदलाचा विचार करणाऱ्याने आधी समजून घ्यावी. ती बंद असते, म्हणजे पोर्ट नाही. आतून तिचे चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन स्पीकर. सुमारे चार फूट उंचीच्या आजच्या आवृत्तीचे वजन ६३ किलोच्या घरात आहे. मागच्या बाजूला वर लोखंडी दांडी आणि खाली चाके असल्यामुळे एकटा माणूस ती ढकलत नेऊ शकतो. जिन्यावर मात्र दोघे लागतात.

गंमत अशी, की खर्जासाठी नावाजलेली ही पेटी फार खाली जातच नाही. कंपनीच्याच आकड्यांनुसार ५८ हर्ट्झला तिचा आवाज ३ डेसिबेलने आणि ४० हर्ट्झला १० डेसिबेलने पडलेला असतो. तरीही ई तार भरदार ऐकू येते, कारण तारेच्या आवाजात ८२ व १२४ हर्ट्झचे वरचे संनादी स्वर ठासून असतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर भरून काढतो. ‘माझी कॅब खाली जात नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला बहुतेक वेळा ८० ते २०० हर्ट्झचा पट्टा स्वच्छ करून हवा असतो. ते काम ४० हर्ट्झ गाठण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

तत्त्व : पेटी आणि स्पीकर हे एकच यंत्र आहे. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे ओढते. अनुस्पंदनाच्या खाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबेल या बेताने उतरतो. पोर्ट असलेल्या पेटीत नळीतली हवा ठरावीक कंप्रतेला स्वतः डोलू लागते आणि पडद्याचा भार हलका करते, त्यामुळे त्या कंप्रतेपर्यंत जास्त आवाज मिळतो. पण तिच्याखाली उतार एकदम २४ डेसिबेलचा होतो आणि पडद्याला आवर घालणारे कोणी उरत नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या वर्तनाचे गणित मांडले. स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेले थील-स्मॉल आकडे ते हेच. मुक्त हवेतील अनुस्पंदन, ते किती तीक्ष्ण आहे ते सांगणारा एकूण क्यू, समतुल्य हवेचे घनफळ आणि पडद्याची सुरक्षित धाव, हे चार आकडे हाती नसताना नवा स्पीकर घेणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल घेणे.

दुसरी मर्यादा हॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते. केएलएच या स्पीकर-कंपनीतले जे. अँटन हॉफमन हे विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांचा नियम सांगतो, की लहान आकार, खोल खर्ज आणि कमी ताकदीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एका पेटीत मिळत नाहीत. दोन निवडा, तिसरी सोडा. फेरबदल करून या तिहींतला तोल सरकवता येतो, नियम मोडता येत नाही.

गळती आणि थरथर : सुरुवात इथूनच करावी, कारण खर्च जवळजवळ शून्य आणि फरक लगेच कळणारा. बंद पेटीचा पडदा बोटांनी मध्यभागाच्या दोन्ही बाजूंनी हळूच आत दाबून सोडला, तर तो सावकाश परत यायला हवा. झटकन आला तर हवा कुठून तरी निसटते आहे. ती सहसा स्पीकरच्या कडेखालून, जॅकच्या पत्र्याभोवतून किंवा मुठीच्या खाचेतून निसटते. फोमची पट्टी आणि सिलिकॉन सीलंट यांनी काम भागते. सैल झालेले लाकडी स्क्रू काढून त्या जागी मागून टी-नट बसवले, की स्पीकर पुन्हापुन्हा उघडता येतो आणि फळी झिजत नाही.

मोठ्या सपाट फळ्या स्वतःच वाजू लागतात आणि खालच्या मध्य पट्ट्यात चिखल करतात. फळीची ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे बदलते : १८ मिमीऐवजी १२ मिमी प्लाय घेतला, तर ती जेमतेम ३० टक्के उरते. उलट फळीच्या अंतराला मध्ये आधार दिला, की तिचे अनुस्पंदन पुष्कळ वर जाते आणि तिथे ते त्रास देत नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन फळ्यांना जोडणारी रीप हा सगळ्यांत फायद्याचा बदल आहे. ती नेमकी मध्यावर न ठेवता थोडी बाजूला ठेवावी, नाहीतर दोन्ही अर्ध्या फळ्या एकाच स्वरावर वाजतात.

आतल्या भिंतींना पॉलिएस्टर वूलचे अस्तर दिले, की मध्य कंप्रतांचे आतल्या आत होणारे परावर्तन कमी होते. बंद पेटी गच्च भरली, तर ती स्पीकरला काहीशी मोठी भासते. पोर्टच्या पेटीत मात्र फक्त भिंतींना अस्तर लावावे आणि नळीचे तोंड मोकळे ठेवावे. खर्ज वाढवण्यासाठी अस्तर लावणाऱ्यांची निराशा होते. अस्तर हा खर्जाचा उपाय नव्हे.

पोर्टचे गणित : समजा, पेटीचे आतले घनफळ १०० लिटर आहे आणि ती ४५ हर्ट्झला जुळवायची आहे. १० सेंमी आतल्या व्यासाची एकच नळी घेतली, तर तिची लांबी सुमारे ४ सेंमी येते. ती आखूड तर पडतेच, वर जोरात वाजवताना फुसफुसते. तशाच दोन नळ्या घेतल्या, तर प्रत्येकीची लांबी सुमारे १६ सेंमी येते आणि हवेचा वेग निम्मा होतो. नळांच्या दुकानात मिळणारा चार इंची पीव्हीसी पाइप या कामाला चालतो. नळीची दोन्ही तोंडे गोलसर घासावीत आणि आतले टोक मागच्या फळीपासून निदान एका व्यासाइतके दूर ठेवावे. घनफळ मोजताना स्पीकर, रिपा आणि नळ्या यांनी व्यापलेली जागा वजा करावी लागते. पोर्ट हवा की नको अशी शंका असेल, तर आधी फोमचा घट्ट बोळा नळीत कोंबून आठवडाभर वाजवून पाहावे. पटले नाही तर बोळा काढून टाकता येतो, कापलेली फळी परत जोडता येत नाही.

स्पीकर आणि ताकद : माहितीपत्रकातले वॉट हे बहुधा तारेच्या वेटोळ्याला किती उष्णता सोसते त्याचे मोजमाप असते. पडद्याची धाव त्याच्या कितीतरी आधी संपते, विशेषतः पोर्टच्या कंप्रतेखाली. पाच तारांच्या बेसवाल्याने अँपच्या आधी ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचे सगळे कापणारे फिल्टर लावले, तर त्याच स्पीकरांना बराच जास्त आवाज पेलतो. जास्त वॉटचे स्पीकर विकत घेण्याआधी हे करून पाहावे. ताकद दुप्पट केली, की वाढ फक्त ३ डेसिबेलची होते, तर तशीच दुसरी पेटी जोडून तिलाही तितकीच ताकद दिली, की ६ डेसिबेलची. जोडलेली पेटी पहिलीच्या शेजारी ठेवण्यापेक्षा वर चढवावी : आडव्या रांगेतले स्पीकर मध्य कंप्रतांना अरुंद झोत बनवतात आणि बाजूला उभ्या असलेल्या ड्रमवाल्याला निराळाच बेस ऐकू येतो.

१५ इंची स्पीकर सुमारे १ किलोहर्ट्झच्या वर आवाज झोतात फेकू लागतो. अंगठ्याने तार आपटण्याची स्लॅप शैली लोकप्रिय झाल्यावर १९८० नंतरच्या दशकात बेसच्या पेट्यांत ट्वीटर म्हणजे वरच्या कंप्रतांचे छोटे स्पीकर आले. जुन्या पेटीत ते बसवताना किमान एक कपॅसिटर मालिकेत लागतो. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४ किलोहर्ट्झच्या खालचे रोखतो. सोबत आवाज कमी करणारा एल-पॅड हवाच, कारण ओव्हरड्राइव्ह लावलेला बेस ट्वीटरमधून कानाला ओरखडतो.

जोडणी : ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर एकूण संरोध ४ ओहम, मालिकेत जोडले तर १६. चार स्पीकर मालिका-समांतर जोडले, की पुन्हा ८. ट्रान्झिस्टर अँपला त्यावर लिहिलेल्या किमान संरोधाच्या खाली नेऊ नये. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता चालू ठेवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मल्टिमीटरवर ८ ओहमच्या स्पीकरचा रोध ६ च्या आसपास दिसतो. तो दोष नव्हे. दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर लावला, की पडदा पुढे येतो की मागे जातो ते दिसते. एकच स्पीकर उलटा जोडला गेला, तरी खर्ज गायब होतो. ‘पेटी पोकळ वाजते’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. जुन्या पाव इंची जॅकच्या जागी फिरवून अडकणारा स्पीकॉन बसवावा आणि आत किमान २.५ चौरस मिमीची वायर ओढावी. गिटारची केबल स्पीकरला वापरू नये.

वजन आणि ने-आण : ६० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच आणि ४५ सेंमी खोल पेटीला सुमारे १.८ चौरस मीटर फळी लागते. १८ मिमी बर्च प्लायची ही पेटी रिकामी असताना २२ किलोच्या आसपास भरते, त्याच जाडीच्या पॉप्लर प्लायची १५ किलोच्या. दहा इंची फेराइट स्पीकर साधारण ३ ते ५ किलोंचा असतो, निओडिमियम चुंबकाचा २ किलोंच्या जवळपास. म्हणजे नुसते चार स्पीकर बदलूनही ४ ते १२ किलो कमी होतात. निओडिमियम चुंबक १९८० नंतर आले, आणि चीनने निर्यात आवळल्यावर २०११ मध्ये त्यांच्या किमती भडकल्याही. तरी आज हलक्या पेट्यांचा तोच आधार आहे.

मूठ गुरुत्वमध्याच्या वर बसवली, की उचललेली पेटी पायाला घासत नाही. हा मध्य स्पीकर बसवून झाल्यावर, पेटी गोल दांड्यावर तोलून काढावा. जड चुंबकांमुळे तो दर्शनी फळीकडे सरकलेला असतो. बाजूच्या मुठींची खाच पेटीच्या आत उघडी राहू देऊ नये. तळाला चारही कोपऱ्यांत चाके लावण्यापेक्षा मागच्या खालच्या कडेला दोन मोठी चाके आणि वर दांडी ही रचना खडबडीत रस्त्यावर जास्त टिकते. चार चाकांची पेटी वाजताना रंगमंचावर सरकते आणि खडखडतेही. प्लॅस्टिकचे कोपरे स्वस्त आहेत आणि रेक्झिन फाटू देत नाहीत.

मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि गोव्यातल्या लग्नाच्या बँडांत बेस गिटार अनेक दशके रुळलेला आहे, आणि तिथे पेटीचा पहिला शत्रू पावसाळा असतो. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की स्क्रू धरत नाही. त्यात रिपा ठोकून उपयोग नाही, पेटीच नवी करावी. आपल्याकडचा आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय पाणी सोसतो, पण तो जड हार्डवुडचा असतो, तेव्हा १२ मिमी जाडी आणि भरपूर रिपा हा तोडगा बरा. फाटलेल्या पडद्याचा स्पीकर टाकून देण्याची घाई नको : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत नवा पडदा आणि वेटोळे बसवून मिळते. मात्र बदललेल्या पडद्याने थील-स्मॉल आकडे बदलतात, आणि पोर्टच्या पेटीत ते कानाला कळते.

काय करू नये : पडदे, वायरिंग व पोर्ट एकाच दिवशी बदलले, तर कशाने काय झाले ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करून, त्याच अँपवर, त्याच खोलीत ऐकावे. भिंतीपासूनचे अंतर बदलले तरी खर्ज बदलतो, आणि बऱ्याच ‘सुधारणा’ प्रत्यक्षात पेटी कोपऱ्यात सरकवल्याचा परिणाम असतात. नव्या स्पीकरांचा खर्च नव्या हलक्या पेटीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर जुनी विकून नवी घ्यावी. १९६० किंवा १९७० च्या दशकातली मूळ अवस्थेतली अँपेग किंवा फेंडर पेटी हाती असेल, तर तिच्यावर करवत चालवू नये. संग्राहक मूळ स्पीकर, मूळ जाळी आणि न कापलेली फळी यांचेच पैसे देतात.