नकलेची फिर्याद

भोरहून आंबवड्याच्या वाटेनें रायरेश्वराकडे निघालें म्हणजे त्या डोंगराच्या पायथ्याशीं कारी हें गांव लागतें. कान्होजी जेधे देशमुख येथलेच. शके १५४० ते १६१९ एवढ्या काळांतील घडामोडींची जी जुनी यादी या घराण्यांत जपून राहिली, ती लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तांत छापली. हीच जेधे शकावली. तींतील शिवजन्माच्या तिथीनें, म्हणजे शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेनें, मोठाच वाद उठविला. तो वाद येथें उकरावयाचा नाहीं. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे: अशी शकावली कोणाची म्हणावी? मूळ टिपणें लिहिणाऱ्याची, दप्तर राखणाऱ्या घराण्याची, कीं छापून तिला उजेडांत आणणाऱ्याची?

आम्हांस हा प्रश्न नुसता तात्त्विक राहिला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं निरनिराळ्या शकावल्यांतील निवडक नोंदींवर विद्यार्थ्यांसाठीं आम्हीं टीपा लिहिल्या. पुढें त्याच टीपा, कर्त्याचें नांव गाळून, एका परक्या गृहस्थाच्या नांवानें आंतरजालावर आढळल्या. आधीं संताप आला, मग लाज वाटली. पौष-माघाच्या सुमारास इसवी सन बदलतो, म्हणून त्यापुढील तिथींस शकांत ७८ ऐवजीं ७९ मिळवावे लागतात. आम्हीं फाल्गुनांतील एका तिथीस ७८ च मिळविले होते, आणि तें चुकीचें साल तेथें जसेंच्या तसें उतरलें होतें. आमच्या विद्वत्तेची साक्ष कोठेंच नव्हती. आमच्या हलगर्जीपणाची मात्र पक्की होती! न्यायालयांतही नक्कल ओळखावयास अशीच समान चूक उपयोगी पडते, हें समाधान मानावयाचें तर मानावें.

मूळ कागद आणि बनावट कागद यांचा वाद या खोऱ्यांना नवा नाहीं. रोहिडखोऱ्यांत वतनाचा कागद खोटा असल्याची फिर्याद झाली म्हणजे प्रकरण गोतसभेपुढें येई. वादी आणि प्रतिवादी आधीं राजीनामा लिहून देत, म्हणजे होईल तो निवाडा मान्य करण्याचें वचन देत, आणि जामीनही देत. मग तकरीरी घेतल्या जात. अक्षर, शिक्का, मिती पाहिली जाई. महजर होई, आणि हरणारास आपल्या हातानें यजितखत लिहून द्यावें लागे. फिर्यादी सुद्धां बांधला जात असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पण ग्रंथाच्या मजकुरावरचा हक्क ही कल्पना छापखान्याबरोबर आली. कंपनी सरकारनें १८४७ त त्याचा कायदा केला. त्यांत भाषांतराविषयीं स्पष्ट शब्द नव्हता, आणि मॅकमिलन कंपनीनें गणिताच्या इंग्रजी पुस्तकांच्या उर्दू भाषांतरांवर फिर्याद केली तेव्हां मुंबईच्या हायकोर्टानें १८९५ त ठरविलें कीं भाषांतर म्हणजे नक्कल नव्हे. हा निकाल उलट लागता, तर आपल्या मराठी ग्रंथकारांपैकीं कितीजणांची धांदल उडाली असती, याचा वाचकांनींच विचार करावा. १९१४ च्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा हक्क कर्त्यास दिला, पण तोही दहा वर्षांपुरता. त्या मुदतींत कर्त्यानें एखाद्या भाषेंत भाषांतर प्रसिद्ध केलें, तरच त्या भाषेपुरता तो पुढें टिके.

शकावलीच्या प्रश्नास अगदीं लागू पडेल असा खटलाही मुंबईचाच. मॅकमिलन कंपनीनें १९१८ त प्लूटार्काच्या अलेक्झांडर-चरित्राचें सर टॉमस नॉर्थकृत जुनें भाषांतर सुमारें निम्मे करून, टीपा जोडून, विद्यार्थ्यांसाठीं छापलें. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनीं तशाच वळणाचें पुस्तक काढलें. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. तेथें डिसेंबर १९२३ मध्यें निर्णय झाला कीं जुन्या पाठांतून नुसते उतारे काढून जुळविल्यानें त्या पाठावर नवा हक्क उत्पन्न होत नाहीं. टीपांना मात्र बुद्धि आणि श्रम लागलेले आहेत, त्यांवर हक्क आहे, आणि त्याचा भंग झाला आहे. नॉर्थच्या जागीं जेध्यांचा कारकून घातला कीं आमच्या प्रकरणाचाही निकाल झाला. नोंदी सर्वांच्या, टीपा तेवढ्या आमच्या, चुकीसकट!

गंमत अशी कीं १९१४ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. भोर आणि वेल्ह्याकडील राजगड, तोरणा हे किल्ले पंतसचिवांच्या संस्थानांत होते. तें संस्थान १९४८ च्या मार्चांत मुंबई इलाख्यांत विलीन झालें. १९५७ च्या कायद्याचा अंमल जानेवारी १९५८ पासून सुरू झाला.

त्याच कायद्यास २०१२ त दुरुस्ती झाली आणि २०१३ त नियम आले. दुसऱ्यांनीं ठेवलेला मजकूर वाचकांपर्यंत पोंचविणाऱ्या चालकाकडे आतां लेखी तक्रार करतां येते. कोणती कृति, तिचा मालक कोण, नक्कल कोठें आहे, हें सारें तींत द्यावें लागतें. तक्रार पटल्यास चालकानें छत्तीस तासांच्या आंत मजकूर बंद करावयाचा, तो एकवीस दिवसांपुरता. तेवढ्यांत न्यायालयाचा हुकूम आला नाहीं, तर त्यास तो पुन्हां खुला करतां येतो. आणि या मुदतींत आपण दावा लावूं व हुकूम आणूं, असें तक्रारदारानें लिहून द्यावयाचें असतें. गोतसभेचा राजीनामा निराळ्या वेषांत असा परत भेटला.

आम्हीं तक्रारीचा मसुदा केला, आणि या शेवटच्या वचनापाशीं लेखणी थबकली. दहा-बारा टीपांसाठीं, त्याही एका चुकीच्या आधारावर, कोर्टाची पायरी चढावयास मन घेईना. शेवटीं त्या गृहस्थांनाच साधें पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर सौजन्याचें आलें. आपल्याच एका विद्यार्थ्याच्या वहींतून त्यांनीं टीपा घेतल्या होत्या, कर्ता त्यांस ठाऊक नव्हता. आतां तेथें आमचें नांव लागलें आहे, आणि त्याच्या खालीं तें फाल्गुनाचें साल अजून एकानें कमीच आहे. दुसरें पत्र धाडावयाचें राहिलें आहे.